पळसाला पाने किती?

'पळसाला पाने तीनच' ही म्हण मराठी शाळेतला कोणताही विद्यार्थी बिनचूक लिहितो. कुठेही गेले तरी स्थिती सारखीच, हा तिचा अर्थही त्याला मुखोद्गत असतो. परंतु ज्या बुलढाणा जिल्ह्यात फाल्गुन लागताच घाटाघाटांतून पळस पेटतो, त्या जिल्ह्यातील तिसरी-चौथीच्या किती मुलांनी पळसाचे पान हाती घेऊन त्याची तीन दले मोजली असतील? मोजणारी मुले आहेतच. सुटीच्या दिवशी शेळ्यांमागे जाणारा मुलगा ती ओळखतो. पळसाचे पान द्रोणाला चालते आणि अंजनाचे का चालत नाही, हेही तो सांगू शकतो. पण त्याच्या या ज्ञानाला प्रगतिपुस्तकात एकही रकाना नाही. सोमवारी शाळेत येताना ते त्याला दाराबाहेर ठेवूनच यावे लागते.

बुलढाण्याच्या भूगोलाकडे पाहिले तर हा विरोधाभास अधिकच बोचतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. 'घाटावर' आणि 'घाटाखाली' हे शब्द येथे घरोघरी, अगदी सोयरीक जुळवतानाही वापरले जातात. बुलढाण्याजवळच्या डोंगरात उगम पावणारी पैनगंगा पूर्वेकडे वळते, वर्धा आणि प्राणहिता यांच्या मार्गाने गोदावरीला मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागरात जाते. याच डोंगराच्या उत्तर उतारावरची ज्ञानगंगा आणि नळगंगा पूर्णेला मिळतात. पूर्णा तापीला, आणि तापी अरबी समुद्राला. म्हणजे एकाच डोंगरावर पडलेल्या पावसाचे थेंब भारताच्या दोन विरुद्ध समुद्रांना जातात. 'पाणलोट' हा शब्द फळ्यावर लिहून शिकवावा लागू नये, अशी ही भूमी. पावसाळ्यात घाटाच्या माथ्यावर मुलांना नुसते अर्धा तास उभे केले आणि दोन बाजूंना वाहणारे ओहोळ दाखवले, तरी तो धडा ती आयुष्यभर विसरणार नाहीत. तरीही 'परिसर अभ्यास' या नावाचा विषय परिसराकडे पाठ करून, खिडकी लावून शिकवला जातो.

बुलढाणा-खामगाव रस्ता ज्या बोथ्याच्या जंगलातून जातो, तेथे 1997 साली ज्ञानगंगा अभयारण्य घोषित झाले. सुमारे 205 चौरस किलोमीटरचे हे शुष्क पानझडीचे वन अस्वलांसाठी ओळखले जाते. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ तेराशे किलोमीटरची पायपीट करून डिसेंबर 2019 मध्ये येथे पोहोचला, तेव्हा त्याची वार्ता देशभर गाजली. जिल्ह्यातील मुलांनी ती दूरचित्रवाणीवर पाहिली. वाघाने कोणते नाले धरले, कापसाच्या आणि तुरीच्या शेतांतून तो कसा लपत आला, हा खरे तर भूगोलाचा वर्षभर पुरेल असा धडा होता. किती वर्गांत भिंतीवर नकाशा लावून त्याची वाट रेखाटली गेली असेल?

महाराष्ट्राला या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नव्हते, असे मात्र नाही. ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी 1945 साली डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभले आणि पुढे ते जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर, वारली वनवासींच्या वस्तीत नेले. मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखायला जातात, हे त्यांच्या ध्यानात आले. अशा वेळी हजेरीपटावर लाल रेघ ओढून मोकळे होणे सोपे होते. या दोघींनी शाळाच कुरणावर नेली. गुरे चरत असत आणि मुले झाडाखाली शिकत. तिचे नाव 'कुरणशाळा'. मॉन्टेसरीची परदेशी साधने परवडणारी नव्हती. म्हणून बिया, पाने, शिंपले, खडे हीच त्यांची शैक्षणिक साधने झाली. ताराबाईंना 1962 साली पद्मभूषण मिळाले, अनुताईंना 1985 साली पद्मश्री. त्यांच्या कामातला 'अंगणवाडी' हा शब्द देशाच्या कानाकोपऱ्यात गेला. 'कुरणशाळा' हा शब्द मात्र कोसबाडच्या टेकडीवरच राहिला. गैरसोयीचा म्हणूनच तो मागे पडला असावा. अंगणवाडीला एक खोली बांधून देता येते. कुरणशाळेला शिक्षकाने चालत जावे लागते.

डेन्मार्कमध्ये 1950 च्या दशकापासून लहान मुलांच्या वनशाळा भरू लागल्या. इंग्लंडमधील ब्रिजवॉटर महाविद्यालयाच्या मंडळींनी 1993 साली त्या पाहिल्या आणि आपल्या देशात आणल्या. आता तेथे पावसात, चिखलात, बोटे गारठवणाऱ्या थंडीतही आठवड्यातून ठरावीक वेळ मुले रानात जातात. डेन्मार्कने ही कल्पना आपल्या गुरुकुलांतून उचलली, असा दावा कोणी करू नये. तो हास्यास्पद ठरेल. परंतु ज्या देशात वेदवाङ्मयाच्या एका भागाला 'आरण्यके' असे नाव पडले, रवींद्रनाथांनी 1901 साली शांतिनिकेतनात झाडाखाली वर्ग भरवले आणि अनुताई गुरांच्या कळपाशेजारी अक्षरे गिरवून घेत होत्या, त्या देशातील पालकांना उद्या हीच गोष्ट इंग्रजी नावाने, भरमसाट शुल्क आकारून विकली जाईल आणि ते ती आनंदाने विकत घेतील. याची लक्षणे मोठ्या शहरांत दिसू लागली आहेतच.

येथे एक गफलत टाळायला हवी. वनातले शिक्षण म्हणजे वार्षिक सहल नव्हे. बस ठरवायची, लोणार सरोवर किंवा सिंदखेड राजा पाहायचे, डबे खायचे, छायाचित्र काढायचे आणि दुसऱ्या दिवशी 'माझी सहल' हा निबंध लिहायचा, हे आनंदाचे असेल. पण एकदा पाहिलेले झाड ओळखीचे होत नाही. ओळख व्हायला तेच झाड पुनःपुन्हा भेटावे लागते. सालईची कागदासारखी सुटणारी साल, सागाचे कोवळे पान चोळताच तांबडे होणारे हात, मोकळ्या माळावर खड्यांतच अंडी घालणारी टिटवी, चैत्रात पहाटे टपटपणारा मोह, हे सर्व एका दिवसात दिसत नाही. मोहाखाली सडा कधी पडतो आणि अस्वल तेथे कधी येते, हे गावातल्या म्हाताऱ्याला ठाऊक असते. त्याला महिन्यातून एकदा शाळेत गुरुजी म्हणून का बोलावू नये? गणितही बाहेर अडत नाही. अंजनाचे पान जोडीचे, पळसाचे आणि बेलाचे तीन दलांचे. दोनाचा पाढा अंजनाखाली आणि तीनाचा पळसाखाली सहज म्हणता येतो. सुतळीने खोडाचा घेर मोजणारा मुलगा मीटर आणि सेंटिमीटर पुन्हा चुकवत नाही.

भाषेचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. वनांत आयुष्य घालवलेले वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांनी रानातल्या माणसांकडून ऐकलेले कितीतरी शब्द मराठी ग्रंथांत आणले. 2025 मध्ये पद्मश्रीने त्यांचा गौरव झाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. पण जे शब्द मुलांच्या तोंडी राहत नाहीत, ते कोशात जाऊन बसतात. धावडा, तिवस, मोईन, बिबा यांतले एखादे झाड दाखवल्यावर ज्याला 'ट्री' एवढेच सांगता येते, त्याच्या मराठीचे काय उरले?

कायदा या शिक्षणाच्या आड येत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने कृती, शोध आणि अन्वेषण यांतूनच शिकवावे असे स्पष्ट म्हटले आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात दहा दिवस दप्तराविना आहेत, परंतु ते सहावी ते आठवीसाठी. ज्या वयात मूल मुंगीमागे तासभर बसू शकते, त्या वयाला ते लागू नाहीत. ही उणीव राज्याने अंशतः भरून काढली. 2024 साली पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' जाहीर झाला. या शनिवारांपैकी दोन तरी गावाबाहेर घालवावेत, एवढीच ही मागणी आहे.

अडचणी खोट्या नाहीत. निवडणुका, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहितीच्या ओझ्याखाली वाकलेल्या शिक्षकाला आणखी एक उपक्रम नको असतो. एखाद्या मुलाला गांधीलमाशी चावली, तर जाब त्यालाच विचारला जाणार. म्हणून लेखी संरक्षण त्याला अधिकाऱ्यांनी आधीच द्यायला हवे. अस्वलांच्या जंगलात पहिलीची मुले न्यावीत, असे कोणीही म्हणणार नाही. त्याची गरजही नाही. जिल्ह्यात बहुतेक गावांना लागून ई-क्लासची जमीन आहे, नाला आहे, एखाद्या देवस्थानाभोवतीची झाडे आहेत. वनरक्षकाने वर्षातून चार वेळा येऊन पाऊलखुणा दाखवल्या, तरी पुरे. यात सर्वांत मोठा अडसर कदाचित सुशिक्षित पालकांचा असेल. पांढरे मोजे मळू नयेत म्हणून मुलाला व्हॅनमधून थेट वर्गात उतरवणाऱ्या घरात 'रान' हा शब्द अजून अडाणीपणाशीच जोडलेला आहे, आणि अशी घरे संघटनेच्या कार्यकर्त्यांतही थोडी नाहीत.

उन्हामुळे विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. तोवर मृग सरून आर्द्रा लागलेली असते. जुलैच्या पहिल्या शनिवारी ई-क्लासच्या मुरमातून तरोटा बोटभर वर आलेला असतो आणि ओल्या मातीवर मृगाचे मखमली किडे फिरत असतात. त्यांना पाय किती, हे मोजायला पंचवीस मुले आणि एक शिक्षक पुरतात.