शेतातील झाडे तोडण्याचे नवे नियम : लागवडीची नोंद आताच का हवी?

स्वतःच्या शेतात वाढवलेले सागवान विकायचे म्हटले, की भावाआधी परवानगीची चिंता सुरू होते. ही अडचण कमी व्हावी म्हणून केंद्रीय पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्रालयाने जून २०२५ मध्ये शेतजमिनीवरील वृक्षतोडीसाठी आदर्श नियमावली राज्यांना पाठवली. अहिल्यानगरच्या शेतकऱ्यांनी ती नीट समजून घ्यावी, कारण तिचा सगळा भर लागवडीच्या नोंदीवर आहे.

सध्याचा कायदा

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २५ नुसार भोगवट्याच्या जमिनीवरील झाडांवर जमीनधारकाचा हक्क असतो. शासनाने राखून ठेवलेली झाडे याला अपवाद आहेत. मात्र हक्क असला तरी तोडीवर नियंत्रण आहे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत सागवान, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, खैर, चंदन, हिरडा अशी झाडे आहेत. ती तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. सागाच्या दाट लागवडीत विरळणी करायची असली तरी खोड कापले जाते, म्हणून ती तोडच ठरते.

अकोले तालुक्यातील आदिवासी खातेदारांसाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यांच्या जमिनीवरील झाडांची विक्री जिल्हाधिकाऱ्यांमार्फत करावी लागते. परस्पर सौदा करू नये.

बांबूची स्थिती वेगळी आहे. भारतीय वन अधिनियमात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने वनाबाहेरील बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला.

नव्या नियमावलीत काय आहे?

- शेतकऱ्याने राष्ट्रीय इमारती लाकूड व्यवस्थापन प्रणालीच्या पोर्टलवर लागवड नोंदवायची. त्यात जमिनीची मालकी, ठिकाण, झाडांची जात, संख्या आणि लागवडीचा काळ द्यायचा.
- दहापेक्षा जास्त झाडे तोडायची असल्यास ऑनलाइन अर्ज करायचा. नेमलेली संस्था जागेवर पडताळणी करते आणि तिच्या अहवालावर परवाना मिळतो.
- दहापर्यंत झाडे असल्यास फोटो पोर्टलवर टाकून ना-हरकत प्रमाणपत्र मिळण्याची सोय आहे.

ही आदर्श नियमावली आहे. राज्याने ती आपल्या नियमांत आणल्यावरच तिचा लाभ मिळतो. तोपर्यंत राज्याचा कायदाच लागू राहतो. ‘आता परवानगी लागत नाही’ असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबून करवत लावू नये.

आपल्या बांधावर कुठे अडेल?

नियमावली गृहीत धरते, की झाड कोणीतरी ठराविक दिवशी लावले. पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेर या कमी पावसाच्या भागात बांधावरचा कडुनिंब आणि बाभूळ बहुधा आपोआप उगवलेले असतात. शेतकऱ्याने ते लावलेले नसतात, तर न तोडता राखलेले असतात. अशा झाडाला लागवडीची तारीख कुठून आणायची? कडुनिंब व बाभूळ १९६४ च्या मूळ अनुसूचीत नाहीत. पण आपोआप आलेला साग, चिंच किंवा जांभूळ असेल तर हा प्रश्न टोकदार होतो. राज्याने नियम करताना राखलेल्या झाडांच्या नोंदीलाही जागा दिली पाहिजे. नाहीतर नव्या लागवडीला सवलत आणि जुने झाड जपणाऱ्याला हेलपाटे, असे घडेल. पोर्टलवर जमिनीचा डिजिटल नकाशा जोडणे हेही अल्पभूधारकाला एकट्याने जमणारे काम नाही. तिथे कृषी सहायकांची मदत लागेल.

आता काय करावे?

1. ई-पीक पाहणी ॲपमध्ये बांधावरची झाडे नोंदवण्याची सोय आहे. ती दर वर्षी वापरावी व सातबारावर नोंद आली का ते तपासावे.
2. रोपांची पावती, लागवडीचा महिना आणि फोटो जपून ठेवावेत. जुन्या झाडांचीही जात, संख्या व छातीच्या उंचीवरील घेर लिहून ठेवावा.
3. सामाईक बांध असेल तर झाड कोणाच्या हद्दीत आहे ते मोजणीच्या नकाशावरून आधीच ठरवावे.
4. सागाच्या बाजूच्या फांद्या कोवळ्या असतानाच खोडालगत कापाव्यात. उशीर झाला तर लाकडात गाठी राहतात आणि भाव उतरतो. उथळ मुरमाड जमिनीत सागाचा घेर भरत नाही. अशा जागी कडुनिंब, बोर, सीताफळ बरे.
5. झाड उक्ते देताना ‘परवानगीचे मी बघतो’ या व्यापाऱ्याच्या शब्दावर थांबू नये. परवानगी आणि वाहतूक परवाना आपल्या नावाने हाती आल्यावरच तोड सुरू करावी. कोणत्या जातीला वाहतूक परवाना लागतो ते वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारावे.

मापात फसू नका

लाकूड मोजताना ओंडक्याच्या मधल्या घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करतात व लांबीने गुणतात. घेर ८० सेंमी आणि लांबी ३ मीटर असेल तर ०.२० × ०.२० × ३ = ०.१२ घनमीटर, म्हणजे सुमारे ४.२ घनफूट. खरे घनफळ मात्र सुमारे ०.१५ घनमीटर असते. म्हणजे या पद्धतीत माप सुमारे २१ टक्के कमी भरते. म्हणून भाव ठरवण्याआधी माप कोणत्या पद्धतीने होणार ते पक्के करावे.

सागाचे पीक हाती यायला वीस-पंचवीस वर्षे सहज लागतात. एवढ्या काळात नियम बदलतील, अधिकारी बदलतील, खातेदारही बदलेल. पुढच्या पिढीला झाडाबरोबर त्याचा कागदही मिळाला, तरच ते झाड तिच्या अडीअडचणीला उपयोगी पडेल.