ब्रॉडबँडच्या नकाशाचेही चावडी वाचन व्हावे
(सातारा व सांगली जिल्ह्यांतील लहान वायरलेस इंटरनेट पुरवठादारांचे निवेदन)

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय),
नवी दिल्ली.

मार्फत : मा. जिल्हाधिकारी, सातारा व मा. जिल्हाधिकारी, सांगली.

विषय : ब्रॉडबँड सेवेचे नकाशे वाडी-वस्तीनिहाय करणे, त्यांत लहान वायरलेस पुरवठादारांची सेवा दाखवणे आणि चुकांवर हरकत घेण्याची मुदतबद्ध पद्धत ठरवणे याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे सातारा आणि सांगली जिल्ह्यांत रेडिओ लिंकवरून घरोघरी इंटरनेट देणारे लहान परवानाधारक आहोत. आमच्यातील बहुतेकांचा परवाना ‘क’ वर्गाचा, म्हणजे साधारण एका जिल्ह्याएवढ्या क्षेत्रापुरता आहे. फायबर जिथवर पोहोचते तिथे जोडणी घ्यायची, उंचावर टॉवर किंवा पोल उभारायचा आणि तिथून ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओवरून गिऱ्हाइकाच्या गच्चीवरील डिशपर्यंत इंटरनेट न्यायचे, असे आमचे काम चालते. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने या पट्ट्यातील ६०५ मेगाहर्ट्झ लहरी परवान्याविना वापरण्यास खुल्या झाल्या, त्याचा मोठा आधार आम्हाला मिळाला.

ट्रायने २ ऑगस्ट २०२४ रोजी सेवा गुणवत्तेचे नवे विनियम अधिसूचित केले आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून ते लागू झाले. त्यानुसार मोबाइल कंपन्यांना आपल्या सेवेचे नकाशे संकेतस्थळावर प्रसिद्ध करावे लागतात. या निर्णयाचे आम्ही स्वागत करतो. मात्र ही अट मोबाइल सेवेला आहे. आमची सेवा तिच्यात येत नाही. शिवाय मोबाइलला उघड्यावर रेंज येणे आणि घरात चालेल असे ब्रॉडबँड मिळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जानेवारी २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणवण्यासाठी डाउनलोडचा किमान वेग २ एमबीपीएस लागतो. नकाशावरचा रंग पाहून हा वेग घरात मिळतो की नाही, ते कळत नाही.

चूक होते ती मुख्यतः एककात. सरकारी हिशेबात महसुली गाव मोजले जाते; माणसे राहतात वाडीवर. पाटण, जावळी, महाबळेश्वर आणि शिराळा तालुक्यांत एकाच गावाच्या वाड्या डोंगराच्या दोन्ही अंगांना असतात. गावठाणात पूर्ण रेंज आणि धारेपलीकडच्या वाडीत काहीच नाही, हा तिथला रोजचा अनुभव आहे. माण, आटपाडी आणि जत या भागांत डोंगर कमी, पण घरे रानात विखुरलेली. एका वस्तीपासून दुसरी दूर, आणि दोन्ही त्याच गावच्या हद्दीत. अशा ठिकाणी गावाच्या नावापुढे ‘सेवा उपलब्ध’ असे लिहिले की ते निम्मे खरे आणि निम्मे खोटे ठरते.

आमच्या रेडिओला तर लाइन ऑफ साइट लागते. टॉवरवरून डिश दिसली पाहिजे. मध्ये डोंगराची सोंड, आंब्याचे दाट झाड किंवा शेजाऱ्याचा नवा मजला आला की जोडणी अडते. म्हणून टॉवरभोवती कंपासने वर्तुळ काढून त्याला सेवाक्षेत्र म्हणणे चुकीचे आहे. हे लिहिताना आमचीही कबुली देतो : एखाद्या गावात चार जोडण्या दिल्या की संपूर्ण गाव आपल्या यादीत घालण्याचा मोह आमच्यातही होतो. नकाशा खरा हवा असेल तर आम्हालाही तो नियम लागू झाला पाहिजे.

चुकीचा नकाशा दोन्हीकडून नडतो. जिथे सेवा नाही तिथे ती दाखवली, तर ती वाडी योजनेच्या यादीतून गळते. जिथे आम्ही स्वतःच्या पैशाने सेवा देतो तिथे ती दाखवली नाही, तर सरकारी पैसा त्याच घरांसाठी पुन्हा खर्च होतो आणि पुढची वाडी तशीच राहते. ४ ऑगस्ट २०२३ रोजी मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमासाठी १,३९,५७९ कोटी रुपयांची तरतूद आहे. त्यात ग्रामपंचायतींना रिंग पद्धतीने जोडणे आणि ग्रामपंचायत नसलेल्या गावांना मागणीनुसार जोडणी देणे अपेक्षित आहे. मागणी कुठे उरली आहे, हे वाडीनिहाय माहितीविना कसे ठरणार?

दुसऱ्या देशांनीही हा धडा घेतला आहे. अमेरिकेत पूर्वी जनगणनेच्या एका गटात एका ठिकाणी सेवा मिळाली तरी संपूर्ण गट ‘सेवायुक्त’ धरला जाई. २०२० मध्ये तिथे कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये एकेका ठिकाणाची नोंद असलेला नवा नकाशा आला. त्यावर नागरिक, स्थानिक शासन आणि पुरवठादार हरकत घेऊ शकतात. वायरलेस पुरवठादारांना रेडिओच्या गणिताने काढलेले क्षेत्र किंवा ठिकाणांची यादी, यांपैकी काहीही देता येते.

पण त्यासाठी इतक्या दूर पाहण्याचीही गरज नाही. महाराष्ट्रात २०१७ मध्ये संगणकीकृत सातबाऱ्याचे चावडी वाचन झाले. उतारे गावासमोर वाचले गेले, लोकांनी चुका दाखवल्या, दुरुस्त्या झाल्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी ई-पीक पाहणीत स्वतः रानात उभा राहून पिकाची नोंद करतो. आपल्या रानात काय उगवते हे सांगण्याचा अधिकार त्याला दिला. आपल्या घरात इंटरनेट येते की नाही, हे सांगण्याचाही द्यावा.

म्हणून आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

१. घरगुती ब्रॉडबँडचा एकच सार्वजनिक नकाशा करावा. त्यात फायबर, मोबाइल आणि रेडिओ जोडण्या वेगवेगळ्या दाखवाव्यात आणि मोजणीचे एकक महसुली गाव न ठेवता वाडी-वस्ती ठेवावे.

२. लहान पुरवठादारांसाठी सोपा तक्ता ठेवावा : टॉवरचे अक्षांश-रेखांश, उंची, अँटेनाची दिशा आणि वापरलेला पट्टा. सहा महिन्यांतून एकदा हा तक्ता भरण्यास आम्ही तयार आहोत. दोन-तीन माणसांवर चालणाऱ्या व्यवसायाला सल्लागार नेमावा लागेल, असे स्वरूप त्याला देऊ नये.

३. या तक्त्यावरून सेवाक्षेत्र काढण्याचे साधन प्राधिकरणाने मोफत द्यावे. इस्रोच्या ‘भुवन’वर जमिनीच्या उंचीची माहिती आहे, डोंगराआड जाणारे क्षेत्र तिच्या आधारे वगळावे.

४. गिऱ्हाइकांचे पत्ते आणि टॉवरचा तपशील गोपनीय ठेवावा. लोकांसाठी फक्त वाडीनिहाय सेवा आणि संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी मिळणारा वेग प्रसिद्ध करावा.

५. प्रारूप नकाशाचे ग्रामसभेत वाचन करून ३० दिवस हरकती घ्याव्यात. हरकतीचा निकाल नकाशा काढणाऱ्या कंपनीकडे न ठेवता तटस्थ अधिकाऱ्याने जागेवर पाहणी करून ६० दिवसांत लेखी द्यावा.

६. खोटे क्षेत्र वारंवार दाखवणाऱ्यावर, तो लहान असो वा मोठा, दंड असावा. अनवधानाने झालेली चूक स्वतःहून दुरुस्त करणाऱ्यास सूट द्यावी.

७. हरकतींचा निकाल लागेपर्यंत कोणतीही वाडी केवळ नकाशाच्या आधारे योजनेतून वगळू नये.

ही पद्धत पाटण आणि जत या दोन तालुक्यांत प्रथम राबवून पाहावी, अशी आमची विनंती आहे. एक डोंगराळ, दुसरा विखुरलेल्या वस्त्यांचा. दोन्हीकडच्या अडचणी त्यातून कळतील. पाहणीसाठी आमचे टॉवर, शिड्या आणि माणसे आम्ही विनामूल्य देऊ. दोन्ही जिल्हाधिकारी महोदयांच्या अध्यक्षतेखाली या विषयावर संयुक्त बैठक बोलवावी आणि आम्हाला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
सातारा व सांगली जिल्ह्यांतील लहान वायरलेस इंटरनेट सेवा पुरवठादार
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)

स्थळ : कराड

प्रत माहितीसाठी व योग्य कार्यवाहीसाठी :
१. दूरसंचार विभाग, महाराष्ट्र परवाना सेवाक्षेत्र
२. मा. मुख्य सचिव, महाराष्ट्र शासन
३. मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, सातारा व सांगली