नंबर जुळला म्हणजे जीप खरी?

मंडळी, आज जरा चिडून लिहितो आहे. मास्तर निवृत्त होतो, त्याची लाल शाई होत नाही!

निमित्त झालं एका जाहिरातीचं. पुण्याच्या भाच्याने पाठवली. १९४४ सालची विलीज जीप, 'मॅचिंग नंबर्स', म्हणजे चेसिसचा आणि इंजिनचा नंबर एकच. आणि म्हणून किंमतही चढी. भाचा विचारतो, "मामा, घेऊ का?" अरे बाबा, जाहिरात वाचतानाच मी तिला नापास केलं. का ते सांगतो.

दुसऱ्या महायुद्धात ही जीप मुख्यतः दोन कंपन्यांनी बनवली. विलीजने साडेतीन लाखांच्या वर, फोर्डने पावणेतीन लाखांच्या वर. फोर्डच्या जीपला चेसिसवर आणि इंजिनवर एकच नंबर असे. विलीजच्या कारखान्यात मात्र दोन्ही नंबर मुळातच वेगळे पडायचे. म्हणजे विलीजचे दोन्ही नंबर तंतोतंत जुळत असतील, तर तो अस्सलपणाचा पुरावा नव्हे. कुणीतरी पंच आणि हातोडा घेऊन बसलं होतं, याचा तो पुरावा! चोराने चोरी केली, पण अभ्यास केला नाही.

हे 'मॅचिंग'चं खूळ आलं अमेरिकेतून. तिथे शेवरोलेच्या कॉर्व्हेटसारख्या जुन्या स्पोर्ट्स गाड्यांना मूळ इंजिन असेल तर फार मोठी किंमत येते. पण तिथले जाणकार नुसता नंबर बघून मान डोलवत नाहीत. ब्लॉकवर आधी ओतीव नंबर बघतात. ३९७००१० हा एकच ओतीव नंबर १९६९पासून पुढे कितीतरी वेगवेगळ्या गाड्यांच्या ब्लॉकवर सापडतो, तेव्हा तेवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. मग ओतकामाची तारीख बघतात. महिन्याला एक अक्षर, मग दिवस, मग सालाचा फक्त शेवटचा आकडा. आता ९ म्हणजे १९६९ की १९७९, हे डोकं चालवून ठरवायचं! त्यानंतर ब्लॉकच्या पुढच्या बाजूला पंच केलेली इंजिन जुळणीची तारीख, आणि शेवटी गाडी तयार झाल्याची. आधी ओतकाम, मग जुळणी, मग गाडी. हा क्रम उलटा झाला की सोंग उघडं पडतं. शिवाय नंबर जिथे पंच करतात, त्या पृष्ठभागावर कारखान्यातल्या यंत्राच्या बारीक समांतर रेघा असतात. जुना नंबर घासून काढला की त्या रेघाही जातात.

मी आयुष्यभर इतिहास शिकवला, म्हणून मला यात नवल वाटलं नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून अस्सल कागद गोळा करत, ते कशासाठी? बखरीतली गोष्ट कितीही रंगतदार असली तरी कागद खरं बोलतो म्हणून. आणि कागद खरा की बनावट हेही तारखेवरून, नावांवरून, अक्षरावरून ठरवायचं असतं. इंजिनचा ब्लॉक हा लोखंडाचा कागदच आहे. त्यावरचा नंबर घासणं म्हणजे दप्तरातला कागद जाळून त्या जागी आपण लिहिलेला ठेवणं.

आता आपल्याकडचं बघा. महायुद्धानंतर लष्कराने विकलेल्या जीप आल्या, मग महिंद्रने मुंबईत जीप जुळवायला घेतल्या. आपल्या रोहा-पेण भागात या जीपनी काय केलं नाही? वऱ्हाडं नेली, भाताची पोती वाहिली, अडलेल्या बाईला दवाखान्यात पोचवलं. पेट्रोल परवडेना तेव्हा लोकांनी डिझेल इंजिनं बसवली. त्यात लाज कसली? ज्या जीपच्या आरसी बुकावर अजून 'कुलाबा जिल्हा' आहे (रायगड हे नाव १९८१चं, नव्या पिढीसाठी सांगतो), तिचं डिझेल इंजिन हाही तिचा इतिहासच आहे.

मग लबाडी कशाला? कारण उघड आहे. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचा नियम काढला. वीस हजार रुपये भरा, दहा वर्षांची नोंदणी आणि 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर मिळवा. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये फेरफार केलेला नको. नियमाचा हेतू चांगला. पण पेणच्या आरटीओत पेन्सिल घासून नंबरचा छाप घेतला, तर त्या छापात आकडे दिसतात, ते कधी पंच केले हे दिसत नाही. कागद जुळला की काम झालं, असं असेल तर हातोडेवाल्यांची दिवाळीच!

कुणी म्हणेल, "काका, हौसेची गाडी आहे, कुणाचं काय बिघडलं?" बिघडलं ना! घेणाऱ्याचे पैसे बुडाले, हे एक. चोरीच्या गाड्या खपवणारेही नंबर घासूनच खपवतात, म्हणजे उद्या पोलीस दारात आले तर हौशी माणूस आणि चोर यांत फरक कसा करायचा, हे दुसरं. आणि तिसरं सगळ्यात वाईट. बदललेलं इंजिन पुन्हा बदलता येतं, घासलेला नंबर सहसा परत येत नाही. त्या गाडीची खरी हकिकत कायमची गेली.

इंजिन बदललं असेल तर आरटीओत तशी नोंद करून घ्यायची सोय कायद्यात आहे. ती करा, आणि विकताना छाती पुढे काढून सांगा, "इंजिन मूळचं नाही." खास नंबर नाही मिळाला तर नाही मिळाला. आणि घेणाऱ्यांनो, 'मॅचिंग' शब्दावर भाळू नका. स्वतः वाका, चिंधीने तेल पुसा, आकडे वाचा, तारखांचा क्रम लावा. रंग आणि पॉलिश शेवटी बघा.

तर भाचेबुवा, ती जीप घेऊ नकोस. डिझेलवाली, पण खरं बोलणारी एखादी मिळाली तर कळव, बघायला मीही येतो.

असो. तुमच्या घरी, माहेरी, सासरी जुनी जीप असेल तर तिची हकिकत जरूर लिहा. खरी लिहा म्हणजे झालं!