नावाला भाव, गावाला काय?

पुणेकर हा मुळात चहाचा माणूस. अमृततुल्यावर वाढलेल्या या शहरात कॉफी आली ती सणासुदीला जायफळ घालून, नाहीतर परीक्षेच्या जागरणाला सोबत म्हणून. पुढे फर्ग्युसन रस्त्यावरच्या वैशाली-रूपालीने फिल्टर कॉफीची गोडी लावली. पण ‘ही कॉफी कुठल्या डोंगरावरची?’ असे तिथे कुणी वेटरला विचारल्याचे ऐकिवात नाही. आता कोरेगाव पार्क, औंध, बाणेरकडच्या दुकानांत घरातली तरुण मंडळी एका कपाला अडीचशे-तीनशे रुपये मोजतात आणि पाकिटावरचा मजकूर वाचून दाखवतात : गाव कोणते, उंची किती, बी वाळवले कसे. आमच्या पिढीला याचे हसू येते. पण ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. त्या पाकिटावर अनेकदा एका आदिवासी मुलखाचे नाव असते, आणि नावाला मिळालेला भाव त्या मुलखाच्या पदरात किती पडतो, हा प्रश्न आपल्याही दारात येऊन उभा आहे.

उदाहरण अराकूचे घेऊ. आंध्र प्रदेशात, विशाखापट्टणमच्या वरच्या अंगाला पूर्व घाटात हे खोरे आहे. तिथले आदिवासी डोंगरउतारावर ‘पोडू’ नावाची फिरती शेती करीत. त्यांना एका जागी स्थिर करावे, म्हणून सरकारने त्यांच्या हाती कॉफी दिली. एक-दोन एकराचा तुकडा, उंच झाडांची सावली, त्याखाली कॉफी आणि झाडांच्या बुंध्यांवर मिरीचे वेल, असा हा संसार. पुढे नांदी फाउंडेशन या संस्थेच्या मदतीने शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली. २०१७ साली अराकूच्या कॉफीचे दुकान थेट पॅरिसमध्ये निघाले, २०१८ मध्ये तिथल्याच स्पर्धेत तिला सुवर्णपदक मिळाले आणि २०१९ मध्ये अराकू खोऱ्याच्या अरेबिकाला भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये तिचा गौरव केला, तेव्हा सुमारे दीड लाख आदिवासी कुटुंबे या पिकाशी जोडलेली असल्याचे सांगितले.

हे घडले कशामुळे? माती आणि हवा तर पूर्वीही तीच होती. फरक पडला तो कामाच्या पद्धतीत. कॉफीच्या झाडावर हिरवी, पिवळी, लाल फळे एकाच वेळी असतात. घाईत सगळी ओरबाडून घेतली तर माल हलका ठरतो. पिकलेली लाल तेवढीच तोडायची तर एकाच झाडाकडे चार-पाच वेळा जावे लागते. मग लवकरात लवकर गर काढायचा, बी आंबवायचे, धुवायचे आणि ओल अकरा-बारा टक्क्यांवर येईपर्यंत वाळवायचे. जाणकार चव घेऊन शंभरपैकी गुण देतात. ऐंशीच्या वर गेली, की ती ‘स्पेशालिटी’ कॉफी.

आता प्रश्न असा, की आदिवासी शेतकरी पूर्वी सगळी फळे एकदम का ओरबाडीत असे? अडाणी म्हणून? मुळीच नाही. त्याने व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असे. पावसाळ्यात घरातले धान्य संपले, की उचल. हंगामात त्याच व्यापाऱ्याला, त्याच्याच काट्यावर माल. ज्याचे पीक झाडावर असतानाच विकले गेले आहे, त्याने लाल फळासाठी आठवडाभर थांबायचे कशाच्या जोरावर? बँकेच्या नोकरीत मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. गरिबाला सर्वांत महाग पडते ते थांबणे. ज्याला थांबता येते, त्यालाच भाव मिळतो.

थोडा हिशेब मांडू. एका कपाला पंधरा-अठरा ग्रॅम भाजलेली कॉफी लागते. तेवढ्यासाठी झाडावरची फळे लागतात शंभर ते सव्वाशे ग्रॅम, म्हणजे ओंजळभर. फळांना किलोमागे शंभर रुपये मिळाले असे धरले, तरी तीनशेच्या कपातले दहा-बारा रुपये पिकवणाऱ्याचे. दुकानाचे भाडे, दूध, पगार हे सगळे मान्य. पण पाकिटावर मोठ्या अक्षरांत नाव मात्र ओंजळवाल्याच्या डोंगराचे असते.

नावाचे मोल इथिओपियाने ओळखले. सिदामो, हरार, यिर्गाचेफे ही आपल्या प्रदेशांची नावे अमेरिकेत नोंदवून मिळावीत, म्हणून त्या गरीब देशाने २००५ साली अर्ज केले. तिथल्या कॉफी व्यापाऱ्यांच्या संघटनेने विरोध केला, स्टारबक्ससारख्या बलाढ्य कंपनीशी वाद झाला आणि २००७ मध्ये तो समझोत्याने मिटला. नाव ही मालमत्ता आहे, हे जगाला सांगितले ते शेतकऱ्यांच्या देशाने.

आपल्याकडे काय? चिखलदरा अकराशे मीटर उंचीवर आहे. इंग्रजी अमदानीत तिथे कॉफी लावली गेली आणि महाराष्ट्रातले कॉफीचे ठिकाण म्हणून पर्यटकांना आजही तेच सांगितले जाते. पण भोवतालच्या मेळघाटातला कोरकू माणूस आपल्याला आठवतो तो १९९३ सालच्या बालमृत्यूंच्या बातम्यांमुळे. कुपोषणासाठी मेळघाट माहीत आहे, पिकासाठी नाही. पुण्यालाही दूर जायला नको. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात महादेव कोळी कुटुंबे हिरडा गोळा करतात, वाळवतात, विकतात. औषधाच्या बाटलीवर त्या गावांचे नाव आपण कधी वाचले आहे का?

मेळघाटात सरसकट कॉफी लावा, असे मी म्हणत नाही. व्याघ्र प्रकल्पाचे जंगल आहे, आणि एकाच पिकावर सारा भार टाकणे धोक्याचे. २०२५ मध्ये अराकूच्या बागांतही फळ पोखरणाऱ्या किडीने प्रवेश केलाच. शिकायचे आहे ते वेगळेच. कॉफीचे रोप फळाला यायला तीन-चार वर्षे लागतात. वनहक्क कायद्याने (२००६) मिळालेली जमीन वारसाने मुलांकडे जाते, पण विकता येत नाही. आणि ते योग्यच आहे. मात्र अशी जमीन पाहिली, की बँकेच्या शाखेत पहिला प्रश्न येतो, ‘तारण काय?’ रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागू नये असे सांगितले आहे. ते परिपत्रक डोंगरातल्या शाखेच्या टेबलापर्यंत पोचले आणि पहिला हप्ता पहिल्या फळानंतर ठेवला, तर उचल देणाऱ्याचे निम्मे दुकान बंद होईल. उरलेले निम्मे बंद होईल ते गावात स्वतःचा काटा, वाळवणीच्या ताटव्या आणि हिशेबाची वही आली, की.

तीनशे रुपयांची कॉफी प्यावी की नाही, हा ज्याच्या-त्याच्या खिशाचा प्रश्न. पण पाकीट वाचण्याची सवय नव्या पिढीने लावलीच आहे, तर आणखी एक ओळ तिने मागावी : शेतकऱ्याला काय दर दिला? काही विक्रेते ती छापतातही. उंची मीटरमध्ये छापता येते, तर दर रुपयांत छापायला अडचण कसली?