तक्रार दाबणं हाही गुन्हाच

शिक्षक मित्रांनो, पालकांनो, ऑगस्ट २०२४ मधलं बदलापूर आठवतं ना? शाळेतच दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाला. पोलिसांना कळवलं नाही म्हणून संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला.

आपल्या चाळीसगावात असं काही कानावर आलं, तर 'मुलीची बदनामी होईल' म्हणत ऑफिसातच मिटवू नका. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बदनामीची भीती वाटते? मुलाची ओळख उघड करायला कायद्यानेच मनाई आहे. जबाबही घरी देता येतो.

मुलांना १०९८ पाठ करून द्या. पण त्याआधी, ती बोलली की विश्वास ठेवा. शाळेचं नाव लपवण्याने नाही, मुलं सुरक्षित राहिल्याने टिकतं.