भात शिजवल्याने भिंत काळी होत नाही

घरमालकाला बुरशीचा फोटो पाठवला की उत्तर ठरलेलं असतं. खिडक्या उघडा, हीटिंग लावा, कपडे आत वाळत घालू नका, आणि हो, स्वयंपाक जरा कमी करा. इंग्लंडमध्ये केअर होममध्ये, गोदामात, हॉटेलच्या किचनमध्ये राबणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी हे निमूटपणे ऐकून घेतलंय! कारण आपल्यालाही आतून वाटतं, फोडणी तर आपलीच.

थोडं खरं आहे त्यात. भाताची वाफ, अंघोळ, ओले कपडे, आपला श्वाससुद्धा, सगळी वाफ थंड भिंतीवर जाऊन बसते आणि तिथे बुरशी धरते. झाकण ठेवून शिजवा, पंखा लावा, कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, फरक पडतो. पण भिंत इतकी थंड का? बाथरूमचा पंखा वर्षभर बंद का? दोघांच्या खोलीत पाच पलंग कोणी टाकले? हे तुमचं काम नव्हे. आणि डाग एकाच जागी असेल, पाऊस पडला की वाढत असेल, तर छप्पर, पन्हळ किंवा पाइप गळतोय. तिथे खिडकी उघडून काय होणार?

रॉचडेलचा अवाब इशाक आठवा. सुदानहून आलेल्या आईबापांचा दोन वर्षांचा मुलगा, डिसेंबर २०२० मध्ये गेला. घरातल्या बुरशीमुळेच त्याचा श्वसनाचा आजार बळावला, असा निष्कर्ष २०२२ मध्ये कॉरोनरने काढला. वडिलांनी २०१७ पासून तक्रार केली होती. त्यांना वरून रंग मारायला सांगितलं गेलं. कुटुंबाच्या राहण्याच्या, अंघोळीच्या पद्धतींवर बोट ठेवलं गेलं. आपल्याला भाताबद्दल ऐकवतात ते हेच, फक्त शब्द वेगळे.

त्याच्या नावाचा कायदा २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालाय, पण फक्त कौन्सिल आणि हाउसिंग असोसिएशनच्या घरांना. तातडीचा धोका २४ तासांत हाताळायचा, गंभीर ओल-बुरशीची पाहणी कामाच्या १० दिवसांत करायची. आपण बहुतेक राहतो खासगी भाड्याने. तिथे २०१८ चा कायदा आहे: घर राहण्यालायक ठेवणं ही मालकाची जबाबदारी, ओलही त्यात आली. शिवाय कौन्सिलचा एन्व्हायर्नमेंटल हेल्थ विभाग घर तपासून मालकाला दुरुस्तीची नोटीस देऊ शकतो. पाच किंवा जास्त माणसं, एकाच कुटुंबातली नसलेली, किचन-बाथरूम शेअर करत असतील तर त्या घराला एचएमओ परवानाही लागतो. तो आहे का, हे कौन्सिलला विचारा.

खरी अडचण वेगळी आहे. घर देणाराच नोकरी देणारा असतो आणि व्हिसाही त्याच्याच हातात. घराबद्दल तक्रार केली म्हणून व्हिसा रद्द होत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. पण राग नोकरीवर निघेल ही भीती खोटी नाही. नोकरी गेली तर नवा स्पॉन्सर शोधायला साधारण ६० दिवसच मिळतात. तेव्हा एकट्याने भांडू नका. घरातल्या सगळ्यांनी मिळून लिहा. आधी सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस, शेल्टर किंवा युनियनशी बोला. मालकाच्या घरात तुम्ही भाडेकरू नसून नुसते 'राहणारे' असाल तर २०१८ चा कायदा लागू होईलच असं नाही, पण कौन्सिलचं तपासणीचं काम तिथेही चालतं.

भाडं मात्र थांबवू नका. बिघडलेल्या भिंतीवरून वाद सुरू होतो आणि थकबाकीवरून घराबाहेर काढलं जातं.

डाग छोटा, म्हणजे एक चौरस मीटरच्या आत असेल आणि वाफेमुळे आलेला असेल, तर स्वतः साफ करता येतो. हातमोजे, मास्क, खिडकी उघडी, खोलीचं दार बंद. कोरड्या ब्रशने घासू नका, बीजं हवेत उडतात. ओल्या फडक्याने पुसा, फडकं फेकून द्या. ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर एकत्र ओतणं तर अजिबात नको, विषारी वायू होतो. दमा असणाऱ्याने हे काम दुसऱ्याला सांगावं. आणि पुसायच्या आधी फोटो काढा, मालकाला ईमेलने पाठवा. फोनवर बोललात तरी मागोमाग लेखी दोन ओळी टाका.