संशयाला गुप्तहेर लावण्याआधी



नवरा-बायकोच्या तंट्याची पत्रे या सदराकडे नेहमीच येतात. दारू, मारझोड, सासरचा जाच हे विषय जुनेच आहेत. या वेळी मात्र एका भगिनीने वेगळाच प्रश्न विचारला आहे. तिचे नाव-गाव अर्थातच आम्ही देत नाही. नवरा एका कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर आहे, ती स्वतः पॅकिंगच्या कामाला जाते, दोन मुले शिकत आहेत. वर्षभरापासून नवऱ्याच्या घरी येण्याला धरबंध राहिलेला नाही. घरात पैसे कमी येतात. मोबाईल उशाखाली ठेवून झोपतो, विचारले तर अंगावर येतो. शेजारणी काहीबाही कानावर घालतात. लोकलच्या डब्यात चिकटवलेली जाहिरात पाहून तिने एका खाजगी गुप्तहेराला फोन केला. त्याने तीस हजार रुपये सांगितले, त्यातले निम्मे आगाऊ. बचत गटातून कर्ज काढून हे पैसे भरावेत का, असे तिचे विचारणे आहे.

ताई, तुमचा संशय खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. पुरुष आहे, चालायचेच, असला सल्ला तर या पानावर कधीच मिळणार नाही. खरे काय ते कळावे, असे वाटणे हा तुमचा हक्क आहे. पण पैसे देण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर स्वतःला द्या. उद्या त्या माणसाने फोटो आणून हातात ठेवले, तर परवा सकाळी तुम्ही काय करणार? वेगळे राहणार, पोटगी मागणार, घटस्फोट घेणार, की समज देऊन संसार पुढे नेणार? हे ठरलेले नसेल तर तीस हजारांत फक्त एक जखम विकत मिळेल. आणि ठरलेले असेल, तर त्यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी गुप्तहेराची गरजच नाही.

पाटी लावली की गुप्तहेर

प्रथम हा धंदा काय आहे ते समजून घेऊ. आपल्या देशात खाजगी गुप्तहेरांसाठी वेगळा कायदा नाही आणि सरकारी परवानाही नाही. 2007 मध्ये राज्यसभेत तसे विधेयक आले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे कोणीही खोली भाड्याने घेऊन पाटी लावू शकतो. 'आमच्याकडे लायसन्स आहे' असे सांगून जो कागद दाखवतात तो बहुधा दुकानाचा गुमास्ता परवाना असतो, नाही तर वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीचा. पाळत ठेवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

यात प्रामाणिक माणसे नाहीत असे नाही. सार्वजनिक जागी कोण कुठे जातो-येतो ते पाहणे, त्याची नोंद ठेवणे, फोटो काढणे इथवर त्यांचे काम चालते. त्यापुढे जो 'फोनचे सगळे कॉल काढून देतो', 'बँकेचा हिशोब आणून देतो', 'मोबाईलमध्ये गुपचूप अ‍ॅप टाकून देतो' असे म्हणतो, त्याच्यापासून चार हात लांब राहा. 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी मोबाईलचे कॉल तपशील बेकायदा मिळवून विकल्याच्या प्रकरणात खाजगी गुप्तहेरांना अटक केली होती. असे काम सांगणारा गिऱ्हाईकही चौकशीच्या फेऱ्यात सापडू शकतो. फसवणूक झालेली बाई स्वतःच पोलीस ठाण्याच्या बाकावर बसली, तर मुलांनी कोणाकडे पाहायचे?

आणखी एक धोका कोणी सांगत नाही. तुमच्या घराची अब्रू त्या माणसाच्या कपाटात राहते. फोटो त्याच्याकडे, तुमचा पत्ता त्याच्याकडे. उद्या त्याने तुमच्याकडूनच, किंवा तुमच्या नवऱ्याकडून जास्त पैसे मागितले तर?

पुरावा कशासाठी हवा?

पुष्कळांना वाटते की लफडे सिद्ध झाले की नवऱ्याला तुरुंगात टाकता येईल. तसे नाही. 1860 च्या भारतीय दंड संहितेतील व्यभिचाराचे कलम 497 सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये रद्द केले. मुळात ते कलम बायकांच्या बाजूचे कधीच नव्हते. दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाविरुद्ध तिच्या नवऱ्याने तक्रार करायची, असा तो प्रकार होता. नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही. म्हणजे बाई ही नवऱ्याची मालमत्ता! फसवल्या गेलेल्या बायकोला मात्र त्या कलमाने तक्रारीचा हक्क दिलाच नव्हता.

आज व्यभिचार हा गुन्हा नसला तरी घटस्फोटाचे कारण आहे. स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची आपली मागणी आहे, पण सध्या बौद्धांनाही 1955 चा हिंदू विवाह कायदाच लागू होतो आणि त्यात हे कारण पती-पत्नी दोघांनाही सारखेच खुले आहे. त्यासाठी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार लागत नाही, परिस्थितीवरूनही न्यायालय निष्कर्ष काढते. पण हॉटेलात चहा पितानाचा फोटो म्हणजे व्यभिचार नव्हे. शिवाय गुप्तहेराने नुसता अहवाल देऊन भागत नाही. त्याला साक्षीला उभे राहावे लागते, उलटतपासणी द्यावी लागते. मोबाईलमधले फोटो किंवा व्हिडिओ दाखल करायचे तर साक्ष्य अधिनियमाप्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. पैसे घेताना यातले काही सांगत नाहीत आणि तारखेला बोलावले की फोन उचलत नाहीत, असे होऊ शकते.

नवरा-बायकोने आपापसातले बोलणे चोरून रेकॉर्ड केले असेल, तर घटस्फोटाच्या दाव्यात ते पुरावा म्हणून घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये सांगितले आहे. पण एकमेकांवर पाळत ठेवण्यापर्यंत गोष्ट गेली म्हणजे ते नाते मोडल्याचेच लक्षण, असेही त्याच निकालात म्हटले आहे.

हक्काची मदत फुकट आहे

आता आमच्या भगिनीला मुख्य गोष्ट सांगतो. नवरा खर्चाला पैसे देत नसेल तर पोटगी मागण्यासाठी त्याचे बाहेर संबंध आहेत हे सिद्ध करावे लागत नाही. ऐपत असून तो बायको-मुलांना सांभाळत नाही आणि तिची स्वतःची कमाई पोटाला पुरत नाही, एवढे पुरे आहे. जुने कलम 125 आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 144 झाले आहे. नवऱ्याने दुसरी बायको केली असेल किंवा बाई ठेवली असेल, तर त्या कारणाने वेगळे राहूनही पोटगी मागता येते. मुलांच्या पोटगीचा हक्क आई-बापांच्या भांडणामुळे बुडत नाही.

नवऱ्याचा पगार किती हे शोधायलाही गुप्तहेर नको. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले की पोटगीच्या दाव्यात दोन्ही बाजूंनी आपली मिळकत, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यायचे. पोटगीही अर्जाच्या तारखेपासून द्यायची.

मारहाण, शिवीगाळ, पैशाची अडवणूक होत असेल किंवा घराबाहेर काढण्याची धमकी मिळत असेल, तर 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे. घर नवऱ्याच्या नावावर असले तरी तुम्हाला तिथे राहण्याचा हक्क आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

वकील कुठून आणायचा? 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचे उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जातीच्या स्त्री-पुरुष दोघांनाही मिळतो. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीत धरले गेले, त्यामुळे जातीचा दाखला असलेल्या आपल्या बांधवांनाही ही सोय आहे. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्याला समिती असते. 15100 या क्रमांकावर फोन केला तरी चालतो. मग बचत गटाचे कर्ज कशासाठी काढायचे?

गुप्तहेराकडे जाण्याआधी घरातले कागद गोळा करा: लग्नाची नोंदणी, लग्नातले फोटो, रेशनकार्ड, बँकेची पासबुके, पगाराची चिठ्ठी, घराचा फोटोपास किंवा करारनामा, मुलांचे दाखले. त्यांच्या झेरॉक्स माहेरी किंवा विश्वासातल्या माणसाकडे ठेवा. आणि संबंधांचा संशय दाट असेल तर लाज न धरता सरकारी रुग्णालयातील आयसीटीसी केंद्रात स्वतःची तपासणी करून घ्या. ती मोफत असते आणि गुप्त ठेवली जाते.

मग गुप्तहेर कधीच लावू नये का? एखादे प्रकरण तसे असते. नवऱ्याने दुसऱ्या गावी दुसरे लग्न लावून घरोबा थाटल्याची खबर असेल, तर तो आजही गुन्हा आहे आणि सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण तिथे दुसरे लग्न रीतीप्रमाणे लागले, हे सिद्ध करावे लागते. अशा वेळी आधी वकिलाला विचारा, कोणता पुरावा हवा ते लिहून घ्या, मगच माणूस शोधा. करार लेखी करा, पावती घ्या, सगळे पैसे आगाऊ देऊ नका, काम झाल्यावर फोटो कोणाकडे राहणार ते कागदावर लिहून घ्या.

पुरुष बांधवांसाठी

बांधवांनो, तुम्ही हसून हे पान उलटू नका. बायकोवर पाळत ठेवणारे नवरेही काही कमी नाहीत. 'चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून' ही बातमी वर्तमानपत्रात पुन्हा पुन्हा छापून येते. त्यातल्या मुलांची आई सरणावर जाते आणि बाप तुरुंगात. बायको कामावरून उशिरा आली, कोणाशी हसून बोलली, फोनवर बोलली, एवढ्यावर तिचा पाठलाग करणे हा मर्दपणा नव्हे. बायको झाली तरी तिच्या मोबाईलवर चोरून नजर ठेवू नका. स्त्रीच्या इंटरनेट आणि फोनच्या वापरावर पाळत ठेवणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली येते.

पोटगी चुकवण्यासाठी बायकोवर वाटेल तो आळ घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की 2003 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका दांपत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पत्नीच्या शीलावर निराधार आरोप करणे ही मानसिक क्रूरता ठरवली. आणि मूल माझे नाही म्हणून डीएनए तपासणी मागणाऱ्यांना त्याच न्यायालयाने 2023 मध्ये बजावले की ही तपासणी सहजासहजी मिळणार नाही. मुलाच्या जन्मावर डाग लावून मोठ्यांचे भांडण मिटत नसते.

धम्माची कसोटी

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी सांगितले की कानोकानी आले म्हणून खरे मानू नका, तर्काला पटल्यासारखे वाटले म्हणूनही मानू नका, स्वतः पारखून घ्या. शेजारणीने सांगितले हा पुरावा नाही. तसेच 'आमचे मालक तसे नाहीत' अशी समजूत घालून घेणे हेही पारखणे नाही. पारखायचे तर आधी समोर बसून विचारा. मुले झोपल्यावर, तो शुद्धीत असताना, आरोप न करता हिशोब विचारा. पगार कुठे जातो? रात्री कुठे असतो? कित्येकदा निघते ते भलतेच. मोबाईलवरचा जुगार, कर्जवाल्यांचा तगादा, सुटलेली नोकरी, लपवलेला आजार. हात उगारण्याची भीती असेल तर मात्र एकटीने विचारू नका. विहारातील जाणते, पंचायत समितीचे किंवा महिला मंडळाचे विश्वासू माणूस, पोलिसांचा भरोसा सेल किंवा समुपदेशन केंद्र यांच्यासमोर विचारा. मात्र चाळभर बोभाटा करणारा मध्यस्थ घेऊ नका.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी पती-पत्नीची परस्पर कर्तव्ये सांगितली आहेत. एकनिष्ठ राहणे हे पत्नीच्या कर्तव्यात आहे, तसेच पतीच्याही कर्तव्यात आहे. दोघांना माप एकच. पतीने पत्नीचा मान राखावा आणि घराचा कारभार तिच्या हाती द्यावा, हेही तिथेच सांगितले आहे. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात एकपत्नीत्व आणि घटस्फोटाचा हक्क आणला, तो याच समानतेसाठी. ते बिल रखडवले गेले, हे 1951 मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडण्याचे एक मोठे कारण होते. तो हक्क आपल्या बायकांनी वापरायचा नाही, तर कोणी?

आपल्या लग्नात वधू-वर पंचशील ग्रहण करतात. त्यातले तिसरे शील व्यभिचारापासून दूर राहण्याचे, चौथे खोटे न बोलण्याचे. ही दोन शीले ज्या घरात रोज पाळली जातात तिथे उशाखाली मोबाईल लपवावा लागत नाही. जिथे ती मोडली गेली, तिथे बाईने भांबावून जाऊ नये. कायदा तिच्या पाठीशी आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत.

महिला मंडळांना एक विनंती. येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या माणसाला विहारात बोलवा. तासभर पोटगी, राहते घर आणि मोफत वकील या तीन गोष्टींवर त्यांना बोलू द्या, आणि पुरुषांनाही बसवा. गल्लीतल्या एका जरी बाईचे तीस हजार वाचले, तरी ती पौर्णिमा सार्थकी लागली.

नमो बुद्धाय. जयभीम.